दिवसाला एकच बदल

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. आप्पांच्या फोनवर कंपनीचा मेसेज आलाय, इंग्रजीत आहे, कामावर बोलावतात की काय ते बघ, असं ती म्हणाली. आप्पांना जाऊन तेव्हा ब्याऐंशी दिवस झाले होते. त्यांचा फोन आई रोज चार्जिंगला लावते. का लावते, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

मेसेज मला वाचायची गरज नव्हती, कारण तो मीच लिहिला होता. कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते. कुणाच्या पासवर्डची मुदत संपायला सात दिवस उरले की सर्व्हर त्या माणसाला आपोआप कळवतो: आदरणीय अमुक, तुमचा पासवर्ड सात दिवसांत संपेल, कृपया बदलून घ्यावा. चार वर्षांपूर्वी एका दुपारी लिहिलेल्या त्या चार ओळी तेव्हापासून बिनचूक चालू आहेत. आदरणीय हौशीराम रासकर यांनाही त्या वेळेवर गेल्या होत्या.

आईला सांगितलं, तो मशीन पाठवतं, त्यात काही नाही. ती म्हणाली, "मशीनला कुणी सांगितलं न्हाई व्हय अजून?"

सांगायचं काम माझं होतं. कामावरून गेलेल्या माणसाचं खातं चोवीस तासांत बंद झालं पाहिजे, हा नियमही माझाच. ऑगस्टमध्ये कार्यालयाकडून आप्पांचा कागद आला नाही, कारण त्या अर्जात राजीनामा, निवृत्ती आणि बदली एवढीच कारणं होती आणि कोणत्या चौकटीत खूण करायची ते तिथल्या बाईंना कळेना. त्यांनी मला विचारलं. मी बघते म्हणाले आणि पाहिलं नाही. आता पुढच्या सोमवारी ऑडिट होतं. प्रत्येक खात्यामागे हयात आणि कामावर असलेला माणूस आहे, अशा यादीवर मला सही करायची होती.

म्हणजे हातात शुक्रवारपर्यंतचे दिवस होते. खातं बंद करायला पाच मिनिटं पुरतात. मला त्याआधी एक गोष्ट हवी होती.

आप्पा याच कारखान्यात सव्वीस वर्षं होते, शेवटची नऊ वर्षं शिफ्ट इनचार्ज. प्रत्येक बॅच पूर्ण झाली की ती कॉम्प्युटरवर मंजूर करायची आणि ती मंजुरी त्यांच्याच खात्यातून जायला हवी. आमच्या भागात शेतावर जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतात. आप्पांनी पासवर्डचंही तेच केलं. चहाला जायचं असलं, कांद्याच्या पाण्यासाठी अर्धा दिवस हवा असला, की पासवर्ड पुढच्या माणसाला सांगून ते निघत. सगळ्या शिफ्टला तो पाठ होता. माझं घरातलं नाव आणि जन्मसाल, मधे ते गोल चिन्ह. Nilu@1991.

दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत हे माझ्याच हाताला लागलं. आमच्या गावी, तळेगाव ढमढेऱ्यात, स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नात असलेल्या माणसाने त्याच वेळी कुरकुंभमध्ये तीन बॅच मंजूर केल्या होत्या. त्या लग्नात मीही होते, आप्पांच्या पंक्तीत बसून जेवले होते. मी अहवाल लिहिला. खातेदाराचं नाव लिहिलं, आणि पुरावा म्हणून पासवर्डही लिहावा लागला. त्यांना मेमो मिळाला. नोकरीतला पहिला.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो. चौफुल्याला उतरल्यावर त्यांनी माझी बॅग घेतली, गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये मला खिडकीशी जागा दिली. मेमोबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाहीत. फक्त त्या दिवसापासून कारखान्यात ते मला मॅडम म्हणू लागले. बाकीचे म्हणायचे तसंच, थट्टा नाही की टोमणा नाही. दोन महिन्यांनी मी दौंडला खोली घेतली. रोजचा प्रवास झेपत नाही, असं घरी सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे.

एवढंच. भांडण झालं असतं तर त्याला शेवट असता.

ऑगस्टच्या एकवीस तारखेला सकाळी ते विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथेच खाली बसले. शेजारचे पोहोचेपर्यंत संपलं होतं. मला जे विचारायचं होतं ते विचारायचं राहिलं: तुम्ही ते मनात ठेवलं होतं का?

हे आता कुणाला विचारायचं? एकच जागा होती.

सर्व्हर कुणाचाही पासवर्ड जपून ठेवत नाही. दळण आणतो तसं आहे ते. पीठ पाहून गव्हाचा दाणा पुन्हा जोडता येत नाही. पण तोच गहू पुन्हा दळला तर पीठ जुळतं. लोकांनी तेच ते शब्द फिरवून वापरू नयेत म्हणून सर्व्हर प्रत्येकाच्या शेवटच्या दहा पासवर्डांचं पीठ जवळ ठेवतो. नव्या पासवर्डाच्या जागी त्या दहांतला एखादा टाकला, तर तो नाकारतो आणि सांगतो, हा आधी वापरलेला आहे.

आप्पांच्या दहांतले दोन मेमोच्या आधीचे होते, आठ नंतरचे. माणूस पासवर्ड दिवसातून दहा वेळा स्वतःच्या बोटांनी लिहितो, आणि कुणी बघणार नाही या खात्रीने लिहितो. मेमोनंतरही त्यांनी तिथे माझं नाव ठेवलं असलं, तर मला माझं उत्तर मिळणार होतं. नावं आणि जन्मसालं वापरू नयेत, असं मी नियमात लिहिलंय. तो नियम कुणीही पाळत नाही, हेही मला माहीत आहे.

सोमवारी दुपारी अडीचला, शिफ्ट बदलायची म्हणून खाली गडबड असते तेव्हा, मी सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथे बारा महिने गार असतं आणि पंख्यांचा एकच एक आवाज असतो. आप्पांच्या खात्याला मी तात्पुरता पासवर्ड दिला आणि त्यांच्या नावाने आत गेले. पडद्यावर आलं: स्वागत आहे, हौशीराम रासकर. खाली बारीक अक्षरांत, शेवटचा प्रवेश, २० ऑगस्ट, दुपारी २.५२. शिफ्ट संपण्याआधीची आठ मिनिटं. मग सर्व्हरने नवा पासवर्ड मागितला.

आधी मी मला माहीत असलेलाच टाकला, मेमोआधीचा. Nilu@1991. क्षणभर काही झालं नाही. मग तांबडी ओळ आली: हा पासवर्ड आधी वापरलेला आहे.

ही ओळ मी शेकडो वेळा पाहिली आहे. त्या दिवशी माझे हात टेबलावरून खाली आले. कुणीतरी हो म्हटलं होतं.

मग खरा प्रश्न. लोक आकडा एकाने वाढवतात म्हणून Nilu@1992. हिरवी ओळ आली: पासवर्ड यशस्वीरीत्या बदलला आहे. अभिनंदनासारखी ती ओळ, आणि तिचा अर्थ ‘नाही’ असा, हा शब्द त्यांचा नव्हता.

हिशेब मला आधीपासून ठाऊक होता. चुकीचा शब्द स्वीकारला गेला की तोही, मी दिलेल्या तात्पुरत्या पासवर्डासारखाच, दहांच्या यादीत जाऊन बसतो आणि सगळ्यात जुना बाहेर पडतो. म्हणजे मी विचारलेला प्रत्येक चुकीचा प्रश्न त्यांचा एक शब्द कायमचा पुसत होता. आणि पासवर्ड दिवसातून एकदाच बदलता येतो, कारण नाहीतर लोक एका बैठकीत दहा वेळा बदलून जुन्यावर परत येतात. हा नियमही मीच घातला होता. एका खात्यापुरता तो काढता आला असता. यादीची नक्कल काढून घरी बसून हवे तितके शब्द लावून बघता आले असते, पण त्या यादीत सगळ्या कारखान्याच्या किल्ल्या असतात. मेलेल्या माणसाच्या खात्यात मी शिरलेच होते. निदान दिवसाला एकच बदल हे पाळायचं ठरवलं.

मंगळवारी अडीचला आईचं नाव आणि त्यांच्या लग्नाचं साल टाकलं. यशस्वीरीत्या बदलला. बुधवारी गावाचं नाव आणि आमच्या शेताचा गट नंबर. यशस्वीरीत्या बदलला. मेमोआधीचे दोन सोमवारीच गेले होते, मेमोनंतरच्या आठांतलेही दोन आता गेले होते. ते काय होते हे आता सर्व्हरलासुद्धा सांगता येणार नव्हतं. बुधवारी संध्याकाळी दौंडच्या खोलीवर मी भाताचा कुकर लावून बसले आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास इंद्रजीत वर आला. आप्पांच्या हाताखाली नऊ वर्षं काम करून आता त्यांच्या जागेवर इनचार्ज झालेला. बॅच मंजूर करण्याचा अधिकार त्याला अजून मिळाला नव्हता. ते काम तोवर दुसऱ्या शिफ्टचा इनचार्ज करत होता. मला वाटलं तो त्यासाठीच आलाय. पण तो दाराशीच उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"मॅडम, एक इचारू का? हसू नका."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"आप्पा रोज अडीचला येत्यात."

खाली प्लांटमध्ये एक पडदा आहे. मंजुरी देणाऱ्यांपैकी कोण या क्षणी कॉम्प्युटरवर आहे, ते त्यावर दिसतं. जो आत असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. तो पडदा मीच बसवून घेतला होता आणि गेले तीन दिवस तो माझ्या डोक्यातही आला नव्हता.

इंद्रजीतने सांगितलं ते असं. सोमवारी गेणबाने पहिल्यांदा पाहिलं. गेणबा म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात जुना ऑपरेटर, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. आप्पांचं नाव हिरवं झालं, दोन मिनिटं राहिलं आणि विझलं. तो कुणाला बोलला नाही. मंगळवारी अडीच वाजता त्याने सगळ्यांना पडद्यासमोर आणून उभं केलं. नाव हिरवं झालं. बुधवारी बिहारची नवीन पोरं होती तीही काम सोडून उभी राहिली. विझल्यावर गेणबाने आपल्या चहातला अर्धा चहा कपात ओतून आप्पांच्या टेबलावर ठेवला.

"पोरं भेलीत," इंद्रजीत म्हणाला. "गेणबा म्हंतो, कायतरी अडलंय त्येंचं. एखादी बॅच राहिली आसंल मंजूर करायची. म्या सगळ्या फायली बघितल्या. न्हाई राहिली."

मी म्हणाले, "ते मी होते, इंद्रजीतभाऊ."

मी त्याला सगळं सांगितलं, पीठ, दहा शब्द, तीन चुका. कशासाठी, तेही. इतकं सलग मी त्या तीन महिन्यांत कुणाशी बोलले नव्हते. तो मग खाली बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. रागावेल असं मला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला की गेणबाला हे सांगू नका.

मी त्याला विचारलं, मेमोनंतर आप्पांनी पासवर्ड कुणाला सांगितला होता का. तुला माहीत असेल तर सांग, मी कुठेही लिहिणार नाही.

"न्हाई. कुणालाच न्हाई. एकदा त्येंला ताप व्हता, रजेवर व्हते. बॅच अडली म्हणून म्या फोन केला, आप्पा, आंकडा सांगा, लगीच मंजूर करतो. तर म्हनले, थांब. आन् तसल्या तापात मफलर गुंडाळून आले तळेगावहून. दोन बोटं हापटली, सही झाली, परत गेले."

मी म्हणाले, मला वाटलं होतं नाव तरी ठेवलं असेल. माझं किंवा आईचं.

"नाव?" इंद्रजीत जरासा हसला. "नाव टाकायचं न्हाई आसं तुमीच फळ्यावर लिवलं व्हतं की. तुमचा नियम आप्पा मोडत्याल व्हय? तुमच्या त्या पासवर्डाच्या क्लासला पार मागं बसायचे, पाठीमागच्या पंख्याखाली. आमी चिडवायचो, आप्पा, ल्येकीच्या शाळंत नाव घातलं का. तर म्हनायचे, पैल्यांदाच आलोय तिच्या शाळंत, दहावीपातूर तिची आईच जायाची."

त्यापुढचं त्याने सहज सांगितलं, उठता उठता. आप्पा फळ्यावरचं हातावर लिहून घ्यायचे, तळहातावर, पेनने. क्लास सुटला की खाली येऊन लगेच पासवर्ड बदलायचे, मुदतीच्या मेसेजची वाट न पाहता. मग बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवायचे.

इंद्रजीत गेला. अडीच वाजले. मी सर्व्हरच्या खोलीत गेले नाही.

प्रशिक्षणाची फाइल काढली. मेमोनंतर ऑडिटवाल्यांनीच ते सुरू करायला लावलं होतं, दर तीन महिन्यांनी अर्धा तास. आठ वर्ग झाले होते आणि आठही हजेरीपत्रकांवर आप्पांची सही होती, तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. मग त्यांच्या खात्याच्या नोंदी काढल्या. शब्द त्यात नसतात, तारखा असतात. आठ बदल. आठही तारखा वर्गाच्या तारखांशी जुळत होत्या. शेवटची, १९ ऑगस्ट.

वर्गात मी दरवेळी एक रीत शिकवायचे. मनात एक वाक्य धरा, त्याच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या, मधे एखादा आकडा, एखादं चिन्ह. मग एक वाक्य फळ्यावर लिहून करून दाखवायचे आणि खाली रेघ मारून सांगायचे, हे फक्त उदाहरण आहे, हे वापरू नका, फळ्यावरचं सगळ्यांना माहीत झालेलं असतं. दरवेळी नवीन वाक्य. ती वाक्यं मी आधी ठरवत नसे. ऐन वेळी तोंडात येईल ते. माझ्या टिपणांत ती सगळी होती.

त्या संध्याकाळी ती मी ओळीने वाचली. पहिलं, आमची जीप सहाला सुटते आणि चौफुल्याला सातला पोहोचते. तिसरं, कांद्याला पाणी चार दिवसांनी द्यायचं. पाचवं, आई दोन भाकरी जास्तच करते. फळ्यावर लिहिताना ही आमच्या घरातली वाक्यं आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. मागच्या पंख्याखाली बसलेल्या माणसाला ते दिसलं नसेल असं मला म्हणता येत नाही.

शुक्रवारी अडीचला मी आत गेले. स्वागत आहे, हौशीराम रासकर. खाली प्लांटमध्ये हिरवा ठिपका लागला असणार आणि गेणबा पडद्यासमोर उभा असणार, हे आता मला ठाऊक होतं. थोडी घाई करावी असं वाटलं. केली नाही.

शेवटच्या वर्गाचं वाक्य आधी घेतलं. विहिरीवर दोन मोटारी, एकच चालू. अक्षरं, आकडे, चिन्ह, फळ्यावर होतं तसंच. चुकलं असतं तर त्या दिवसाचा एक बदल संपला असता आणि आणखी एक गेला असता.

हा पासवर्ड आधी वापरलेला आहे.

मग सातवं. आधी वापरलेला आहे. सहावं. पाचवं, ते भाकरीचं. चौथं. तिसरं. सहा वेळा तांबडी ओळ आली. नकार मिळाला की यादीतलं काही पुसलं जात नाही, कितीही वेळा विचारता येतं, म्हणून मी भाकरीचं पुन्हा एकदा टाकलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

दुसरं आणि पहिलं विचारलं नाही. ते मंगळवारी आणि बुधवारी माझ्याच हातून गेले होते. आता सर्व्हरने नाही म्हटलं असतं तर ते खरं नसतं.

त्यांनी ते वापरायला नको होतं. सगळ्या शिफ्टसमोर फळ्यावर लिहिलेला पासवर्ड म्हणजे दार उघडं टाकणं. दुसरा कुणीही माणूस असता तर मी त्याला त्याच दिवशी वर बोलावलं असतं. दोन वर्षं तो पासवर्ड मी स्वतः सगळ्यांना सांगत होते आणि आप्पा तो तळहातावरून उतरवून मग हात धुवत होते, कुणाला कळू नये म्हणून.

बाहेर पडले तेव्हा खोलीचं दार लावायचं राहिलं. परत जाऊन लावलं.

खातं मी पावणेतीनला बंद केलं. सर्व्हरने विचारलं, खात्यासोबत जुन्या पासवर्डांची यादीही काढायची का. नियमाप्रमाणे काढायची असते. हो म्हटलं. कार्यालयातल्या बाईंच्या अर्जात तीन चौकटींच्या खाली पेनने चौथी आखली, तिच्यापुढे निधन असं लिहिलं आणि खूण केली.

मग ऑडिटची यादी. आप्पांच्या ओळीपुढे शेऱ्याचा रकाना होता. तिथे खातं बंद, एवढं पुरलं असतं. मी लिहिलं: हे खातं पंच्याऐंशी दिवस उशिरा बंद झालं. बंद करण्यापूर्वी पाच दिवसांत चार वेळा मी स्वतः, अधिकार नसताना, खातेदाराच्या नावाने प्रवेश केला, त्याची वेळ सोबत जोडली आहे. खातेदाराचे तपासता आलेले सहाही पासवर्ड प्रशिक्षणात फळ्यावर दिलेल्या उदाहरणांचे होते. उदाहरण देण्याची पद्धत चुकीची आहे. ती माझी आहे.

वाचून पाहिलं. माझा खातेदाराशी असलेला संबंध लिहायचा राहिला होता. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात तो रकाना मी मोकळा सोडला होता, आवश्यक नाही म्हणून. आता या यादीवर मुलगी असं लिहिलं आणि सही केली.

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून जिना उतरले तर प्लांटच्या दाराशी गेणबा उभा होता, घरी निघालेला, डबा खांद्याला अडकवून. त्याने मला थांबवलं.

"आज लई येळ बसले व्हते आप्पा," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

मी म्हणाले, "हो मामा. आता नाही येणार."

"झालं का त्येंचं काम?"

झालं म्हणाले. त्याने मान हलवली, डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि बसकडे गेला.